सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही: हीटर प्लगचा करंट आणि इंजिनाची ऑइल गळती

सांगलीत पहाटे एका सेल्फला उठणारा पिकअप रात्री पाचगणीत मुक्कामाला राहिला, की सकाळी पांढरा धूर सोडत नुसता कण्हत बसतो. गाडी तीच, डिझेल तेच. चारपैकी एक हीटर प्लग (थंड इंजिनात पेटण्यासाठी आत उष्णता देणारा ग्लो प्लग) कधीचाच मेलेला असतो, पण खालच्या उबेत ते कळत नाही. वर थंडी पडली की उरलेले तीन पुरे पडत नाहीत. मग घाईघाईत चारही प्लग नवे घेतले जातात, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच, कारण मूळ दोष रिलेच्या, म्हणजे प्लगला करंट जोडणाऱ्या विद्युत खटक्याच्या, जळालेल्या टोकात किंवा अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टमध्ये होता. ऑइल गळतीचंही असंच होतं. खाली थेंब दिसला की चेंबरचं, म्हणजे खालच्या ऑइल टाकीचं, पॅकिंग बदललं जातं, आणि ऑइल येत असतं वरच्या टॅपेट कव्हरमधून.

या दोन तक्रारी एकाच लेखात घेतल्या, कारण बऱ्याच डिझेल गाड्यांत त्या एका ठिकाणी भेटतात. ते ठिकाण म्हणजे अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला व्हॅक्यूम पंप. त्याच्याकडे येऊच.

गाडीला हीटर प्लग आहेत का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण विचारायला हवा. उसाच्या हंगामात कारखान्याच्या गेटवर रांग लावणाऱ्या जड ट्रकांपैकी बऱ्याच डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) इंजिनांना हीटर प्लग नसतातच. काहींना इनटेकच्या तोंडाशी हवा तापवणारी जाळी असते, काहींना तीही नसते. प्लग सापडतात ते मुख्यतः पिकअप, टेम्पो आणि छोट्या मालगाड्यांत. २००५ साली आलेल्या ७०२ सीसीच्या छोट्या हत्तीचं इंजिन दोन सिलिंडरचं आणि इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे. अशा इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या भागातल्या, छोट्या कप्प्यात पेटतं. त्या कप्प्याच्या भिंती थंड असतील तर दाबाने तापलेली हवा लगेच निवते, म्हणून तिथे प्लगवाचून थंडीत इंजिन उठणं कठीण. त्यातही प्लग दोनच, म्हणजे एक गेला की निम्मं इंजिन गेलं. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या चार सिलिंडरच्या पिकअपमध्ये एक मेलेला प्लग महिनोन्महिने खपून जातो.

धूर आधी बघा, मीटर नंतर

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. अशा वेळी प्लगचा संशय घ्यायला हरकत नाही. धूरच येत नसेल तर डिझेलच येत नाही. मग फिल्टर, हँड प्रायमर, लाइनमध्ये शिरलेली हवा आणि स्टॉप सोलेनॉइड (डिझेल बंद-चालू करणारा विजेवरचा खटका) बघा, प्लगला हात लावू नका. दुपारी गरम इंजिनही उठायला त्रास देत असेल तर दोष कॉम्प्रेशन, नोजल किंवा पंपाचा असू शकतो. हीटर प्लगची तक्रार ओळखायची ती अशी: सकाळचा पहिला स्टार्ट जड, पहिलं एखादं मिनिट इंजिन थरथरतं आणि ठोकतं, मग सगळं सुरळीत.

डॅशबोर्डवरच्या हीटरच्या दिव्यावर विसंबू नका. जुन्या गाड्यांत तो दिवा टायमरवर चालतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो लागतो आणि वेळ झाली की विझतो. दिवा विझल्यावरही प्लग काही वेळ तापतच राहतील अशी सोयही अनेक गाड्यांत असते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. इंजिन उठत नाही म्हणून एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं किंवा ईथरचा स्प्रे मारणं हा प्रकार सर्रास चालतो. हीटर प्लग लाल असताना ईथर आत गेलं तर ते वेळेआधीच भडकतं. पिस्टन, रिंगा आणि स्वतःचा चेहरा, तिन्ही जपायचे असतील तर ते करू नका.

बॅटरीपासून पट्टीपर्यंत

साधा डिजिटल मल्टीमीटर, २१ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, आणि जमलं तर डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, एवढं सामान पुरे. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी मोजतो याची खात्री करा. घरगुती वायरिंगचे स्वस्तातले क्लॅम्प फक्त एसी मोजतात.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गरम इंजिनावर टायमर प्लगला करंट देतच नाही, किंवा क्षणभर देतो, आणि मग चांगला रिलेही खराब ठरतो. आधी बॅटरी बघा. १२ व्होल्टच्या गाडीत रात्रभर उभ्या बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट असावेत, आणि सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नयेत. त्याखाली गेले तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल. सेल्फ मंद फिरला तर हवा पुरेशी दाबली जात नाही, म्हणजे तापतही नाही. मग प्लग कितीही लाल होवोत.

आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन प्लगांना जोडणाऱ्या पट्टीला. मदतनिसाला चावी ऑन करायला सांगा. पट्टीवर आणि बॅटरीवर त्याच वेळी दिसणाऱ्या व्होल्टमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

फरक जास्त असेल तर तो नेमका कुठे खाल्ला जातोय हे शोधायची पद्धत सोपी आहे, पण फार थोडे वायरमन ती वापरतात. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर ठेवा, काळी पट्टीवर, आणि प्लग तापत असताना वाचन घ्या. आता मीटर दाखवतो तो थेट तोटा. मग काळी पिन एकेक टप्पा मागे आणत जा: पट्टी, रिलेचा ८७ नंबर, रिलेचा ३० नंबर, फ्यूजच्या दोन्ही बाजू. वाचन जिथे एकदम कमी होईल, तो बिंदू आणि त्याच्या आधी मोजलेला बिंदू यांच्या मध्येच तुमचा दोष. रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये ०.३ व्होल्टपेक्षा जास्त तोटा दिसला की रिलेची आतली टोकं जळालेली आहेत, असा रिले बदला. कानस मारलेली टोकं महिनाभरही टिकत नाहीत.

ओहमवर मोजून हा दोष का सापडत नाही, ते आकड्यांत बघा. एका प्लगचा थंड रोध साधारण ०.८ ओहम धरला तर १२ व्होल्टला तो १५ अँपिअर ओढतो, आणि चार प्लग मिळून ६० अँपिअर. वाटेत एखाद्या सैल नटाचा रोध फक्त ०.०२ ओहम असला तरी साठ अँपिअरला तिथे १.२ व्होल्ट जातात. साध्या मीटरला ०.०२ ओहम दिसतच नाही. पण प्लगला १२ ऐवजी १०.८ व्होल्ट मिळतात, आणि उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ एक पंचमांश कमी होते. सगळे प्लग 'ओके' असूनही गाडी उठत नाही ती अशी.

पट्टीवर करंट अजिबात नसेल तर रिलेपाशी चार बिंदू तपासा. ३० नंबरवर कायम बॅटरीचे व्होल्ट हवेत. नसतील तर मोठा पट्टी-फ्यूज उडाला आहे. हा फ्यूज वरून शाबूत दिसतो आणि बोल्टखाली तडकलेला असतो, म्हणून मीटरनेच बघा. चावी ऑन झाल्यावर ८६ वर व्होल्ट आणि ८५ ला अर्थिंग मिळायला हवं. काही गाड्यांत हे दोन उलटे असतात. दोन्ही मिळून रिले टक् वाजतो पण ८७ वर काही येत नाही, तर दोष रिलेचा. टक्च होत नसेल तर टायमर, त्याचं अर्थिंग आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. बऱ्याच जुन्या गाड्यांत या सेन्सरचा कनेक्टर काढला की टायमर इंजिन थंड आहे असं समजून करंट सोडतो, त्यावरून सेन्सर खोटं बोलतोय का ते कळतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत मात्र हे खेळ करू नका. तिथे प्लग स्वतंत्र कंट्रोलरवर असतात आणि टेस्ट लॅम्पने ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) वायर चाचपणं महागात पडतं. आधी स्कॅनर लावा.

वायरमन कंटाळला की डॅशबोर्डवर पुश बटण बसवून देतो आणि करंट थेट त्या बटणातून नेतो. साठ अँपिअर आणि केबिनमधलं प्लास्टिकचं बटण! बटण लावायचंच असेल तर ते रिलेच्या कॉइलपुरतं लावा. मोठा करंट बॉनेटखालीच राहू द्या, आणि वायर मूळ जाडीचीच घाला.

अर्थिंग

प्लगला मायनसची वेगळी वायर नसते. तो स्वतःच्या आट्यांतून हेडला, हेडमधून ब्लॉकला आणि तिथून विणलेल्या पट्ट्याने चासीला अर्थ होतो. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर हा पट्टा लावायचा राहतो, किंवा रंगाच्या थरावर बोल्ट आवळला जातो. मीटरची एक पिन ब्लॉकच्या उघड्या धातूला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर पट्टा काढा, दोन्ही टोकं घासून चकचकीत करा आणि आवळल्यावर वरून ग्रीस लावा. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागत असेल तर मोजायचीही गरज नाही. करंट पट्टा सोडून त्या केबलमधून परत जातोय.

प्लग एकेक करून

पट्टी काढल्याशिवाय प्लग तपासू नका. पट्टी जोडलेली असताना चारही प्लग समांतर असतात आणि मेलेला एक बाकीच्यांत लपतो. पट्टीचे नट बारीक, एम-४ किंवा एम-५ चे असतात, ते हलक्या हातानेच. एम-४ ला एक-दोन न्यूटन-मीटर पुरे. जोर लावला की प्लगची दांडी आतल्या आत फिरून कॉइल तुटते.

मीटर २०० ओहमच्या सर्वांत खालच्या पट्ट्यावर ठेवा आणि आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. जे ०.२ किंवा ०.३ दिसेल ते वायरींचं, ते प्रत्येक वाचनातून वजा करायचं. मग एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी ब्लॉकला. नेहमीच्या १२ व्होल्टच्या धातूच्या प्लगला साधारण ०.५ ते १.५ ओहम येतात. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली आहे. शून्य दाखवलं तर आत शॉर्ट आहे, आणि असा प्लग फ्यूज उडवत राहतो. तीन प्लग ०.८ आणि चौथा २.५ दाखवत असेल तर चौथाही गेलाच समजा. मीटर हाताशी नसेल तर टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला आणि टोक सुट्या प्लगला लावा. दिवा लागला म्हणजे कॉइल सलग आहे. पण ती नीट तापते का, हे दिवा सांगत नाही.

ते क्लॅम्प सांगतो. पट्टी परत जोडून मुख्य वायरीवर क्लॅम्प लावला की चार प्लगांचा करंट आधी साठाच्या आसपास जाऊन काही सेकंदांत चाळिसाकडे उतरतो. सुरुवातीलाच तो पंचेचाळीस दाखवत असेल तर एक प्लग कामावर नाही.

काढताना आणि बसवताना

थंड इंजिनातून प्लग हिसकू नका. प्लगच्या मुळाशी गंजरोधक तेल आदल्या रात्री सोडा, सकाळी इंजिन चांगलं गरम करा आणि मग लांब गोटी पान्याने, टॉर्क पान्यावर नजर ठेवून सोडवा. एम-८ आट्याच्या प्लगवर २०, एम-१० वर ३५ आणि एम-१२ वर ४५ न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. त्यावर तो मोडतो, आणि मोडलेला प्लग काढायला हेड उतरवायची वेळ येते. फिरत नसेल तर थोडा आवळा, थोडा सोडा, पुन्हा तेल, पुन्हा गरम.

निघालेल्या प्लगचं टोक नीट पहा. टोक फुगलेलं किंवा चिरलेलं असेल तर तो जास्त वेळ तापत राहिला. रिले चिकटला असेल किंवा अल्टरनेटर जास्त व्होल्ट देत असेल. टोक वितळून अणकुचीदार झालं असेल तर नोजल डिझेलची धार सोडतोय. नोजल न तपासता तिथे नवा प्लग घातलात तर तोही तसाच जाणार. टोक ओलं आणि काळं, ऑइलने माखलेलं असेल तर त्या सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघायला हवेत.

शंका असेल तर प्लग व्हाइसमध्ये पकडून, जाड वायरीने आणि मध्ये फ्यूज घालून बॅटरीवर तपासा. हातात धरू नका. टोक आधी लाल झालं पाहिजे. लाली मधूनच किंवा बुडाकडून सुरू झाली तर तो बाद. आणि अंगावर ४.४, ५ किंवा ७ व्होल्ट छापलेला प्लग १२ व्होल्टच्या बॅटरीला लावू नका, डोळ्यांदेखत जळतो.

बसवण्याआधी भोकातला कार्बन योग्य रीमरला ग्रीस लावून काढा, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून वर येतो. एम-८ ला १० आणि एम-१० ला १५ न्यूटन-मीटर पुरतात, एम-१२ ला २२ पर्यंत. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

अल्टरनेटरच्या पाठीवरचा पंप

अनेक डिझेल पिकअपांत ब्रेक बूस्टरसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच शाफ्टवर मागून बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाचं ऑइल पाइपने मिळतं. मधलं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरच्या पोटात उतरतं, कार्बन ब्रशांची धूळ त्यात कालवून काळी लापशी होते आणि चार्जिंग पडतं. बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. सकाळी प्लगला व्होल्ट कमी, सेल्फला जोर कमी, आणि दोष दिला जातो हीटर प्लगला.

तपासायला दोन मिनिटं लागतात. इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत, २४ व्होल्टच्या गाडीत याच्या दुप्पट. कमी असतील तर इंजिन बंद करून, टॉर्च घेऊन अल्टरनेटरच्या खालच्या जाळीत बोट फिरवा. बोटाला काळं ऑइल लागलं तर नुसते ब्रश बदलून भागणार नाही. पंपाचं सील आणि ओ-रिंग बदला, अल्टरनेटर उघडून धुऊन वाळवा, मग ब्रश. ऑइलच्या पाइपाचे कॉपर वॉशरही नवे घाला. ब्रेक पेडल कडक लागत असेल तर पंप व्हॅक्यूमही देत नाही, आणि अशी गाडी पसरणी किंवा आंबेनळी घाटाच्या उतारावर नेऊ नका.

गळती शोधण्याआधी धुवा

आधी ते ऑइलच आहे का बघा. पांढरा पुठ्ठा खाली ठेवा. इंजिन ऑइल काळं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास. स्टिअरिंगचं बऱ्याचदा लालसर. डिझेल बोटावर पातळ आणि वासाने लगेच कळतं. डिझेल गळत असेल तर बाकी सगळं सोडून ते आधी बंद करा, कारण खाली तापलेला मॅनिफोल्ड असतो.

मग इंजिन डिग्रीझर आणि ब्रशने धुवा. अल्टरनेटर, सेल्फ आणि कनेक्टर प्लास्टिकने झाका, प्रेशर पंपाची धार त्यांच्यावर नको. वाळल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा. पंधरा मिनिटं इंजिन जागेवर चालवा आणि बघा. काही दिसलं नाही तर माल भरून घाट चढवून आणा, कारण बरेच लीक दाब आणि उष्णतेतच उघडतात. वाऱ्याने ऑइल मागे आणि खाली पसरतं, म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका शोधायचा. थेंब पडतो तिथे दोष नसतो.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग हा सर्वांत नेहमीचा दोषी. तिथून ओघळलेलं ऑइल हीटर प्लगच्या पट्टीवर येतं, त्यात धूळ बसते आणि वायरीचं रबर फुगतं. कव्हर काढून दोन्ही कडा कोरड्या करा. एम-६ बोल्ट असतील तर ८ ते १० न्यूटन-मीटर, मधून बाहेर या क्रमाने. कॉर्कचं पॅकिंग जास्त आवळलं की बाजूने बाहेर येतं आणि गळती वाढते. सिलिकॉन लावायचंच असेल तर दोन-तीन मिलिमीटरची एकच रेघ. आत दाबला गेलेला जास्तीचा गोळा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो.

ऑइल प्रेशर स्विच विसरू नका. त्याच्या मधल्या प्लास्टिकमधून ऑइल झिरपून वायरीच्या आतून पुढच्या कनेक्टरपर्यंत चढतं. कनेक्टर उपटल्यावर आत ऑइल दिसलं तर स्विच बदला. फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली नाही ना, हे हाताने चाचपा. दोन रिंगांवर बसलेला फिल्टर पहिल्याच चढाला ऑइल ओकतो. नव्या रिंगला ऑइल लावा, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना नको.

सील बदलण्याआधी ब्रीदर

एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून ओल दिसत असेल तर सीलांचा खर्च थांबवा. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारा, पाइप किंवा त्याची जाळी तुंबली की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि जिथे वाट मिळेल तिथून ऑइल ढकलतो. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सोडवून नुसतं तोंडावर ठेवा. जरासं थरथरलं तर ठीक. उडी मारून पडत असेल आणि धूर भकाभका येत असेल तर आधी ब्रीदर साफ करा. तरीही तेच, तर रिंगा गेल्या आहेत आणि नवं सील बसवून उपयोग नाही. डिपस्टिकही बघा. खुणेच्या वर भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो आणि तेही बाहेर येतं.

बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाच्या) खालच्या भोकातून थेंब येत असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी वास घ्या. गंधकाचा वास असेल तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची आहे. काळं ऑइल असेल तर क्रँकच्या मागच्या सीलची, आणि क्लच प्लेट भिजलेली असणार, तीही धुऊन वापरू नका. जुनं सील काढल्यावर क्रँकवर नखाला लागेल अशी खाच दिसली तर नवं सील त्याच जागी बसवू नका. सीलच्या खोबणीत जागा असेल तर दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, नाहीतर रिपेअर स्लीव्ह घाला.

साध्या रबराच्या सीलच्या ओठाला ऑइल लावून बसवायचं. पण पांढऱ्या किंवा तपकिरी टेफ्लॉन ओठाचं सील कोरडंच बसतं, शाफ्टही कोरडा हवा, आणि सोबत आलेली प्लास्टिकची रिंग शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाही. त्याला सवयीने ऑइल चोपडलं की ओठाचा थर शाफ्टवर बसत नाही आणि आठवड्याभरात बेल हाउसिंगखाली तोच थेंब दिसतो.